फिनालेतून दुसऱ्या नोटेशन प्रोग्राममध्ये जाताना पानांची मांडणी कशी सांभाळायची?

पानउलट

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण खरंच अडलोय.

फिनाले हा पाश्चात्य स्वरलिपी लिहून छापायचा प्रोग्राम मी पंधरा-सोळा वर्षं वापरतोय. साठेक फायली आहेत, त्यात स्ट्रिंग क्वार्टेट जास्त आणि विंड बँडच्या दोन मोठ्या अरेंजमेंट. १९८८ पासून चालत आलेल्या या प्रोग्रामचं पुढचं काम थांबवत असल्याचं २६ ऑगस्ट २०२४ ला जाहीर झालं, तेव्हा वाटलं बघू पुढे, आहे ते चालतंय ना. पण आता टाळण्यात अर्थ नाही म्हणून एक क्वार्टेट म्युझिकएक्सएमएल या दुसऱ्या प्रोग्रामना वाचता येणाऱ्या फाईलमधून काढून म्यूजस्कोर ४ मध्ये उघडलं. सूर सगळे जागच्या जागी, एकसुद्धा चुकलेला नाही. पण १२ पानांचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र प्रत) १७ पानांचा झाला! आणि एकेका वाद्याचे पार्ट काढले तर सेकंड व्हायोलिनचं पान ऐन सेमीक्वेव्हरच्या, म्हणजे जलद सुरांच्या, पळापळीत उलटायचं आलं. जुन्या पार्टमध्ये तीच जागा मी सहा बारच्या रेस्टवर, म्हणजे विश्रांतीवर, आणून ठेवली होती आणि त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती हो.

माझे प्रश्न असे की जुनी मांडणी जशीच्या तशी नेता येते का, येत नसेल तर नव्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्ट माउसने न ओढता पान ताब्यात कसं ठेवायचं, आणि मुळात कुठे जाऊ, म्यूजस्कोर, डोरिको की सिबेलियस? जाणकारांनी सविस्तर लिहा, मला घाई नाहीये.

मधला_सा

आधी एक सांगा, फिनालेत पान किती टक्के आणि सिस्टीम, म्हणजे सगळ्या वाद्यांची मिळून एक ओळ, किती टक्के होती? आणि म्यूजस्कोरमध्ये आयात करताना प्रेफरन्सेसमध्ये लेआउट घ्यायचा पर्याय चालू होता का बंद?

पानउलट

पान ८० टक्के, सिस्टीम ८५ टक्के. कोणाकडून तरी ऐकलं होतं की लेआउट आयात करू नये, म्हणून ते आणि सिस्टीम-पेज ब्रेकचं, दोन्ही बंद ठेवलं होतं.

मधला_सा

मग उत्तर तिथेच आहे. फिनालेत हे दोन टक्के एकमेकांना गुणले जातात. ८० गुणिले ८५ म्हणजे ६८ टक्के. फिनाले आतून ईव्हीपीयू नावाच्या मापात मोजतं, एका इंचात २८८, आणि पूर्ण आकाराचा पाच रेघांचा स्टाफ ९६ ईव्हीपीयू, म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.४७ मिमी. त्याचे ६८ टक्के केले की ५.७६ मिमी. तुमचा स्टाफ एवढाच उंच होता.

म्यूजस्कोर ४ मध्ये लेआउट बंद ठेवून आयात केलं की त्याची स्वतःची स्टाईल लागते, आणि तिथे दोन रेघांमधलं अंतर १.७५ मिमी असतं. चार अंतरं म्हणजे ७ मिमीचा स्टाफ. आता ७ भागिले ५.७६ करा, १.२१ च्या वर येतं. संगीत आडवंही तेवढंच फुगतं आणि उभंही, म्हणून वर्ग करायचा, सुमारे १.४८. तुमची १२ पानं गुणिले १.४८ म्हणजे १७ च्या पुढे. मांडणी विस्कटलेली नाही, नुसतं मोठं झालंय सगळं! स्टाईलमध्ये जाऊन अंतर १.४४ करा आणि मार्जिन जुन्या पानावरून मोजून टाका, मग किती पानं होतात ते इथे सांगा.

पानउलट

१३ पानं!! मी तीन रात्री एकेक सिस्टीम ओढत बसलो होतो. मनापासून आभार. आता स्लर आणि डायनॅमिक्स थोडे इकडेतिकडे आहेत पण चेहरा ओळखीचा वाटतोय.

शाईची_दौत

मधला_सा यांनी फार नेमकं सांगितलं. मी पार्ट तयार करून देण्याचं काम करते, रोज कोणाचं तरी कुठलं तरी फाईल येतं आणि ते दुसऱ्याच प्रोग्राममध्ये हवं असतं, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न, मांडणी जशीच्या तशी नेता येते का. माझं मत अगदी ठाम आहे की नेऊच नये. म्युझिकएक्सएमएलची पहिली आवृत्ती २००४ ची, आणि ते बनलं ते संगीत एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जावं म्हणून. मांडणीची माहिती त्यात असते, नाही असं नाही. स्टाफची उंची चाळीस दशांश धरलेली असते, म्हणजे एका अंतराचा दहावा भाग हे तिथलं माप, आणि ते दशांश मिलिमीटरमध्ये किती हे फाईलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. नवी सिस्टीम कुठे, नवं पान कुठे, तेही असतं. पण घोळ असा की तुम्ही मुद्दाम टाकलेला ब्रेक आणि प्रोग्रामने आपोआप तोडलेली ओळ यात फरकच राहत नाही, दोन्ही ठिकाणी फक्त 'नवी सिस्टीम' एवढंच लिहिलेलं. ते ब्रेक चालू ठेवून आणलं की अख्खा स्कोअर ओळीओळीने कुलूपबंद होतो. मग तुम्ही स्टाफ जरा लहान केला की प्रत्येक ओळ सैल पडते, जरा मोठा केला की सूर एकमेकांच्या अंगावर, आणि ओळ मात्र हलायला तयार नाही. कारण कुठे शोधायचं तेच कळत नाही.

माझी पद्धत अशी की ब्रेक न घेता फाईल आणायची, आणि शेजारी जुन्या फाईलची पीडीएफ छापून ठेवायची. त्या छापील कागदावर लाल पेनने फक्त तेवढेच ब्रेक खुणवायचे जे मी मुद्दाम ठरवलेले होते, म्हणजे पान उलटायच्या जागा, नव्या विभागाची सुरुवात, दा कापो (पुन्हा सुरुवातीपासून) परत येतं ती जागा. तीस-चाळीस ओळींच्या पार्टमध्ये असे खरे ब्रेक सहा-सात निघतात. तेवढे हाताने टाका, बाकीचं प्रोग्रामला करू द्या, ते काम त्याला चांगलं जमतं.

तिहाई

ब्रेकच्या बाबतीत थोडं वेगळं मत मांडतो. जर स्कोअर आधीच छापून लोकांच्या हातात गेला असेल, आणि रिहर्सलला 'पान ७, दुसरी सिस्टीम' असं बोललं जात असेल तर ओळी बदलून चालत नाही. तेव्हा ब्रेकसकट आणावं लागतं, आणि मग स्टाफचं माप आधी जुळवावं लागतं, अगदी दुसऱ्या दशांशापर्यंत. मी एका जुन्या अरेंजमेंटच्या बाबतीत हे केलंय, जमतं.

शाईची_दौत

मान्य, छापून गेलेला स्कोअर असेल तर तुमचंच बरोबर.

तिहाई

दुसरी गोष्ट जी पानउलट यांना अजून दिसली नसेल. त्या फायलींमध्ये गोष्टी 'काय' आहेत ते बघा, 'कशा दिसतात' ते नको. माझ्या एका फाईलमध्ये 'पिझ.' (पिझिकाटो, बोटाने तार छेडायची) हे शंभरएक ठिकाणी होतं, पण त्यातलं निम्मं मी सुरुवातीच्या वर्षांत साधा टेक्स्ट म्हणून टाईप केलेलं होतं आणि निम्मं एक्सप्रेशन, म्हणजे संगीताला बांधलेली खूण, म्हणून. फिनालेच्या पानावर दोन्ही हुबेहूब सारखे. पलीकडे गेल्यावर एक्सप्रेशनवाले बरेचसे नीट पोचले, आणि टेक्स्टवाले पानाच्या कोपऱ्याशी बांधलेले असल्यामुळे भलत्याच बारवर जाऊन बसले. चेलोच्या पार्टमध्ये तर 'आर्को' (पुन्हा गजाने) पिझिकाटोच्या आधी! ही चूक माझीच होती, फक्त इतकी वर्षं दिसत नव्हती.

तसंच लपवलेले रेस्ट. दुसऱ्या लेयरमध्ये नुसती जागा धरून ठेवण्यासाठी रेस्ट टाकून लपवलेत का? ते तिकडे गेल्यावर कधी दिसायला लागतात, कधी बाकीचे सूर वरखाली ढकलतात. शून्य आकाराचे टाईम सिग्नेचर, खोटे ट्रिप्लेट, ओसिआसाठी, म्हणजे पर्यायी ओळीसाठी, लहान केलेला वेगळा स्टाफ, असं सगळं फिनालेत असतानाच साफ करून घ्या. एक दिवस जाईल पण नंतरचे दहा वाचतील.

नवा_भिडू

एक बेसिक शंका. जायलाच हवं का? माझं फिनाले २७ चालतंय की व्यवस्थित. ऑथरायझेशन, म्हणजे नव्या मशीनवर परवाना चालू करणं, बंद होणार असं वाचलं होतं ते खरं का?

मधला_सा

सुरुवातीच्या घोषणेत वर्षभरानंतर नव्या मशीनवर ऑथराइझ करता येणार नाही असं होतं, पण लोकांनी आवाज उठवल्यावर ते लगेच बदललं आणि ऑथरायझेशन चालू राहील असं जाहीर केलं. त्यामुळे आज घाबरायचं कारण नाही. पण ऑपरेटिंग सिस्टीम बदलत राहणार आणि हा प्रोग्राम बदलणार नाही, तेव्हा चालतंय तोवर एक काम करून टाका. फिनालेत अख्खं फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये काढायची सोय आहे, ते चालवा आणि प्रत्येक स्कोअरची, प्रत्येक पार्टची पीडीएफ सुद्धा काढून ठेवा. जुन्या आवृत्तीतल्या फायली २७ मध्ये एकदा उघडून सेव्ह करा. म्युझिकएक्सएमएल हे साधं वाचता येणारं टेक्स्ट आहे, एमएक्सएल म्हणजे तेच झिप केलेलं, त्यामुळे उद्या कुठलाही प्रोग्राम राहो न राहो तुमचं संगीत वाचता येईल.

शाईची_दौत

आता पानउलट यांचा दुसरा प्रश्न, पान ताब्यात कसं ठेवायचं. मला या सगळ्या विषयात जे एकच सांगायचंय ते इथे आहे, ते म्हणजे क्रम पाळा. वरून खाली या. कागदाचा आकार आणि मार्जिन आधी, मग स्टाफची उंची, मग सुरांमधलं अंतर, मग ओळीत किती बार, मग दोन स्टाफमधली उभी जागा, आणि हाताने ओढणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. स्लर जरा आपटतोय म्हणून स्लर ओढतात, मग स्टाफ लहान करतात, आणि ओढलेला स्लर आता उगाच हवेत लटकतो. मी स्वतः अशी एक पूर्ण फाईल टाकून देऊन पहिल्यापासून केलीय.

सुरांमधल्या अंतराबद्दल जरा थांबते कारण इथे लक्ष फार कमी जातं. मिनिम (दोन ठोक्यांचा सूर) क्रॉचेटच्या (एका ठोक्याचा) दुप्पट वेळाचं असतं, पण कागदावर त्याला दुप्पट जागा देत नाहीत. डोरिकोमध्ये मूळ सेटिंग असं की क्रॉचेटला चार अंतरं आणि गुणोत्तर १.४१, म्हणजे मिनिमला साडेपाचच्या जरा वर, चार ठोक्यांच्या सेमीब्रीव्हला आठ. हा चाराचा आकडा साडेतीन केला की अख्खा पार्ट आवळला जातो, आणि तरी डोळ्यांना काही खटकत नाही कारण प्रमाण तेच राहतं. पार्ट एका ओळीने पुढच्या पानावर सांडतोय ना, तेव्हा स्टाफ लहान करण्याआधी हे करून बघा. वाजवणाऱ्याला लहान स्टाफ त्रास देतो, थोडं आवळलेलं अंतर देत नाही. क्वार्टेटच्या पार्टमध्ये मी ७ मिमीच्या खाली स्टाफ नेत नाही, स्टँड लांब असतो आणि उजेड कसा असेल सांगता येत नाही. स्कोअर हातात धरून वाचायचा, तिथे तुमचं ५.७६ चालेल.

उभ्या जागेचं असं की सिबेलियसमध्ये पान ठराविक टक्क्यांच्या वर भरलं तरच स्टाफ पानभर पसरतात, मूळ आकडा ६५ टक्के. शेवटच्या पानावर दोनच सिस्टीम असल्या की त्या वरच राहतात आणि आधीच्या पानावर तळापर्यंत जातात, त्याचं कारण हे. डोरिकोत असेच आकडे लेआउट ऑप्शन्समध्ये आहेत. म्यूजस्कोरमध्ये उभं जस्टिफिकेशन ३.६ पासून आलं, तिथे सिस्टीममधलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर द्यायचं. हे आकडे कुठे आहेत ते प्रत्येकाने एकदा शोधून, बदलून बघावेत, अर्ध्याहून जास्त 'ओढाओढी' बंद होते.

पानउलट

शाईची_दौत, हा प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावलाय, खरंच. एक विचारायचं होतं, सेकंड व्हायोलिनचा पार्ट ५ पानी झालाय, सहा बारचा रेस्ट बार ११२ ला आहे आणि तो दुसऱ्या पानाच्या साधारण मध्यावर येतोय. स्टाफ ७ वर ठेवला तर तो पानाच्या तळाला येतच नाही.

शाईची_दौत

पार्ट उजव्या पानावर सुरू होतोय ना? मग पहिलं, तिसरं, पाचवं अशी पानं संपली की उलटायचं, आणि तुमचा रेस्ट दुसऱ्यावर, त्याचा काही उपयोग नाही. पहिलं पान डावीकडे घ्या. उजवीकडे मुखपृष्ठ येऊ दे, नुसतं नाव आणि वाद्य लिहिलेलं. आता संगीताची पहिली दोन पानं समोरासमोर, आणि पहिलं उलटणं दुसऱ्या पानानंतर. बार ११७ नंतर पेज ब्रेक टाका. दुसऱ्या पानाचा खालचा भाग रिकामा राहील, राहू द्या, रिकामी जागा वाजवत नाही कोणी. टेम्पो किती आहे?

पानउलट

क्रॉचेट १२०, फोर-फोर.

शाईची_दौत

सहा बार म्हणजे २४ ठोके, १२ सेकंद. आरामात उलटतील. तीन बार असते तरी ६ सेकंद पुरले असते, त्याखाली मात्र मी जात नाही.

मजकुरी

लिलीपाँडचं नाव अजून कोणीच घेतलं नाही म्हणून येतोय. १९९६ पासून आहे, ग्नू प्रकल्पाचा भाग, फुकट. माउस नाहीच, सगळं टेक्स्टमध्ये लिहायचं आणि प्रोग्राम पान छापून देतो. पान उलटायच्या प्रश्नावर त्यात एक सोय आहे ती मला फार आवडते. 'इथे उलटलं तर चालेल' अशी खूण तुम्ही संगीतात टाकायची, किंवा पुरेसा लांब रेस्ट दिसला की ती आपोआप पडू द्यायची, आणि पानं तोडण्याची ती खास पद्धत चालू केली की पानं अशीच तोडली जातात की उलटणं फक्त त्या खुणांवर येईल. स्टाफ बदला, कागद बदला, तो पुन्हा हिशोब करतो. म्युझिकएक्सएमएलवरून टेक्स्ट बनवणारं साधन सोबतच येतं, पण त्यातून निघालेलं टेक्स्ट हाताने नीट करून घ्यावं लागतं हेही आधीच सांगतो. शिकायला वेळ लागतो, पहिले दोन आठवडे फार जड जातात.

तिहाई

सिबेलियसमध्येही ऑटो ब्रेक्स आहेत की, पार्टमध्ये अमुक बार रेस्ट असेल तिथे पेज ब्रेक टाक असं सांगता येतं. बाकी लिलीपाँडचं छापलेलं पान देखणं असतं हे खरं.

पानउलट, तुमच्या विंड बँडसाठी डोरिको बघा असं सुचवेन. तुमच्या स्कोअरमध्ये पहिली-दुसरी फ्लूट एकाच स्टाफवर असेल ना, 'ए२' (दोघांनी मिळून) वगैरे लिहून? ते आयात झालं की एक वाद्य म्हणूनच येतं. डोरिकोत दोन प्लेयर बनवा, सूर दोघांत वाटून द्या, मग कंडेन्सिंग चालू करा. स्कोअरमध्ये तो आपणहून दोघींना एका स्टाफवर आणतो, 'ए२', '१.', '२.' स्वतः लिहितो, आणि पार्ट मात्र वेगळे राहतात. २०१९ च्या डोरिको ३ पासून आहे हे. वाटणी करायला वेळ लागेल पण एकदाच, आणि पुढे एक सूर बदलला तर तीन ठिकाणी बदलायला लागत नाही.

मधला_सा

आणि डोरिकोत स्कोअर आणि प्रत्येक पार्ट हा वेगळा 'लेआउट', प्रत्येकाचं माप वेगळं ठेवता येतं. क्वार्टेटच्या चार मूव्हमेंट चार 'फ्लो' म्हणून एकाच फाईलमध्ये. सिबेलियसवर पूर्वी काम केलेल्याच टीमने २०१६ मध्ये हा आणला, तरी विचार करायची पद्धत अगदी वेगळी आहे, फिनालेच्या सवयीने गेलात तर पहिला आठवडा हात अडखळतील. म्यूजस्कोरला तोच आठवडा दोन दिवसांत संपतो. बाकी म्यूजस्कोरमध्ये एक फाईल मनासारखी झाली की तिची स्टाईल वेगळी सेव्ह करा आणि उरलेल्या सगळ्यांना लावा. साठ फायलींवर साठ वेळा आकडे भरायचे नाहीत.

पानउलट

तीन आठवड्यांनी परत आलोय.

क्वार्टेट सगळे म्यूजस्कोरमध्येच करायचं ठरवलं. आधी फिनालेत बसून साफसफाई केली, तिहाई म्हणाले तसे टेक्स्टवाले 'पिझ.' माझ्याकडेही निघाले, एकाच फाईलमध्ये ३१! सगळे एक्सप्रेशन केले, लपवलेले रेस्ट काढले, मग पुन्हा निर्यात. ब्रेक न घेता आणलं, लाल पेनने खुणवलेले नऊ ब्रेक हाताने टाकले. स्कोअर पुन्हा १२ पानांवर आला, तेही सुरांमधलं अंतर जरासं आवळून, स्टाफला हात न लावता. स्टाईल सेव्ह केली आणि दुसऱ्या क्वार्टेटला लावली तेव्हा ते पहिल्याच झटक्यात ९० टक्के जागेवर आलं. अजून माउसने फक्त चार स्लर ओढलेत.

सेकंड व्हायोलिनचा पार्ट डाव्या पानावर सुरू केला. परवा रिहर्सलला मी मुद्दाम तो पार्ट वाजवणारीच्या मागे उभा राहिलो होतो. बार ११२ ला तिने व्हायोलिन मांडीवर घेतलं, पान उलटलं, कोपरा दाबून सपाट केला आणि पुढच्या एंट्रीच्या आधी दोन ठोके वाट बघत होती.

विंड बँड डोरिकोत सुरू केलंय, फ्लूट आणि क्लॅरिनेट वाटून झाले. हॉर्नपाशी थांबलोय. चार हॉर्न दोन स्टाफवर आहेत, पण माझ्या जुन्या स्कोअरमध्ये पहिला-तिसरा वर आणि दुसरा-चौथा खाली अशी जोडी होती. कंडेन्सिंगमध्ये अशी जोडी लावता येते का, की क्रमानेच येणार?

तिहाई

येते. लेआउट ऑप्शन्समध्ये कंडेन्सिंगच्या भागात स्वतःचे गट बनवता येतात, तिथे पहिला-तिसरा एका गटात आणि दुसरा-चौथा दुसऱ्यात टाका. मात्र सेटअपमध्ये प्लेयरचा क्रमही तसाच लावून घ्या, १, ३, २, ४. गट शेजारशेजारच्या प्लेयरचाच होतो, मधे दुसरा कोणी आला की जोडी जुळत नाही.

पानउलट

जुळली. आता ट्रोम्बोन.